बसला म्हणजे जमला, असं नाही
जुन्या गाडीचं इंजिन घरी बांधताना हरवलेल्या बोल्टची जागा कशी भरावी?

यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरच्या ‘शकुंतला’ गाडीचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरमध्ये तयार झालं होतं. एप्रिल 1994 मध्ये त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. त्याच मँचेस्टरमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांचा कारखाना होता. बोल्टच्या आट्यांना देशभर एकच माप असावं, हा प्रस्ताव त्यांनी 1841 मध्ये मांडला. त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर चढेल, याची खात्री नसे. व्हिटवर्थ यांच्या आट्यांचा कोन 55 अंशांचा होता. अमेरिकेने पुढे 60 अंश स्वीकारले आणि आजचा मेट्रिक आटाही 60 अंशांचाच आहे.

यवतमाळ जिल्ह्यात जुनी गाडी स्वतः खोलायला बसलेल्या माणसाला हा इतिहास हातात धरावा लागतो. महिंद्राने 1947 पासून विलिस जीप जोडायला सुरुवात केली, ती अमेरिकी इंची आट्यांची. पुढे त्याच घराण्याच्या जीपमध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, ते मेट्रिक. म्हणजे चासीला इंची पाना लागतो आणि इंजिनाला मिलिमीटरचा. अँबेसिडर इंग्लंडच्या मॉरिसवरून आली, तिचं जुनं 1489 सीसीचं इंजिन इंची. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मूळची इटलीची फियाट, म्हणून मेट्रिक. 1983 साली आलेली मारुती 800 जपानी वळणाची मेट्रिक. पुसद, वणी किंवा दारव्ह्याच्या एखाद्या अंगणात जीप आणि मारुती शेजारी उभ्या असतील, तर त्यांचे बोल्ट एकाच डब्यात टाकू नयेत.

घरचं काम सलग होत नाही. पेरणी येते, कापूस वेचणीला येतो, इंजिन ताडपत्रीखाली थांबतं. बांधायला घ्यावं तेव्हा टायमिंग कव्हरचे दोन बोल्ट नसतात, तळाच्या तेलाच्या चेंबरचा एक कमी पडतो. काही तर आधीच्या दुरुस्तीतच हरवलेले असतात आणि त्यांच्या जागी भलतेच बसवलेले असतात.

आधी भोक वाचा

पहिलं काम जाडी मोजण्याचं. पण एवढ्यावर विसंबू नये. पाच-सोळांश इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, 8 मिलिमीटरच्या अगदी जवळ. खरा फरक आट्यांच्या अंतरात असतो. 8 मिलिमीटरच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टवर तो 1.25 मिलिमीटर, तर बारीक अमेरिकी आट्यावर सुमारे 1.06. दोन-तीन फेरे दोन्ही फिरतात, मग अडतात. तिथे पान्याने जोर लावला की ब्लॉकचे आटे गेले.

मेट्रिकमध्येही फसगत आहे. बाजारात 10 मिलिमीटरचा बोल्ट मागितला की बहुधा 1.5 अंतराचा मिळतो, जपानी गाड्यांना मात्र सहसा 1.25 चा लागतो. डोकंही वेगळं असतं: 8 मिलिमीटरच्या बोल्टला बाजारात बहुधा 13 चा पाना लागतो, जपानी गाडीत 12 चा. म्हणून व्हर्नियर आणि आटे मोजायची पिच गेज हवीच. त्याच भागाचा शेजारचा मूळ बोल्ट नमुना म्हणून दुकानात न्यावा. योग्य बोल्ट स्वच्छ भोकात बोटांनीच चार-पाच फेरे सहज फिरतो, ही शेवटची परीक्षा.

लांबीही तितकीच महत्त्वाची. बंद भोकात बोल्ट तळाला टेकला, तर तो आवळल्यासारखा वाटतो, पण भाग सैलच राहतो. जास्त जोर लावला तर ओतीव धातूला तडा जातो. भोकात तेल साचलं असेल तरी हाच धोका, कारण तेल दाबलं जात नाही. भोक रॉकेलने धुऊन हवा मारावी, व्हर्नियरच्या शेपटीने खोली मोजावी आणि तळाशी दोन-तीन मिलिमीटर जागा राहील असा बोल्ट घ्यावा. तरीही ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या निदान दीडपट आटे बसायला हवेत.

डोक्यावरचे आकडे

मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर 8.8, 10.9 असे आकडे असतात. 8.8 मधला पहिला 8 म्हणजे तुटण्याची ताकद 800 मेगापास्कल. दुसरा 8 म्हणजे त्याच्या 80 टक्के, म्हणजे 640 ला तो कायमचा ताणला जातो. अमेरिकी बोल्टवर आकड्यांऐवजी रेषा असतात: तीन रेषा ग्रेड 5, सहा रेषा ग्रेड 8. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट इंजिनात घालू नये. चकचकीत स्टेनलेसचाही मोह टाळावा. त्याचा नेहमीचा ए2-70 हा प्रकार 8.8 पेक्षा कमजोर आहे आणि ॲल्युमिनियमच्या संगतीत ओल लागली की ॲल्युमिनियम गंजतं.

टॅपेट कव्हर, चेंबर, पाण्याच्या पंपाची बाहेरची बाजू इथे माप, दर्जा आणि लांबी जुळवून बाजारातला चांगला बोल्ट चालतो. पण कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग, फ्लायव्हील आणि हेड इथे पर्याय शोधूच नये. रॉडचा बोल्ट मिनिटाला हजारो वेळा ओढला जातो; तो तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. कित्येक इंजिनांत हेडचे बोल्ट आवळताना मुद्दाम कायमचे ताणले जातात, ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. असा भाग यवतमाळात मिळाला नाही तर नागपूरहून मागवावा, तोवर इंजिन थांबवावं.

आवळताना टॉर्क रेंच वापरावा. 8 मिलिमीटरच्या 8.8 बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटर पुरे, पण गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. हा आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि आपण तेल लावलं, तर घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

आटे गेलेच असतील तर जाड बोल्ट ठोकू नये. भोक मोठं करून, टॅप मारून तारेची गुंडाळी बसवायची पद्धत आहे. तिला गॅरेजमध्ये हेलिकॉइल म्हणतात. नीट बसवलेली हेलिकॉइल ॲल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ असते. हे काम अनुभवी टर्नरकडे द्यावं.

आणि यंदा इंजिन खोलणार असाल, तर एक जाड पुठ्ठा घ्या. त्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच जागी खोचून, तेलाचा हात फिरवून ठेवा. एवढं केलंत, तर वरचं बरंचसं वाचून विसरलात तरी चालेल.