रिपोर्टाच्या तळची ओळ

नागपूरच्या धंतोलीतल्या आम्हा पोटाच्या डॉक्टरांमध्ये एक जुना विनोद चालतो. पॅथॉलॉजिस्टला लग्नाला नेलं आणि जोडा कसा वाटला विचारलं, तर तो म्हणतो, ‘विवाहाशी सुसंगत चित्र, क्लिनिकली कोरिलेट करावे.’ बायोप्सीच्या रिपोर्टाच्या तळाशी हीच ओळ छापून येते तेव्हा मात्र हसू येत नाही. समोरच्या खुर्चीत पेशंटचा बाप बसलेला असतो. बालाघाटहून नाहीतर गोंदियाहून पहाटेच निघालेला. त्याला एवढंच हवं असतं, पोट्ट्याला झालं काय?

बहुतेकदा झालेलं असतं दोहोंपैकी एक. आतड्याचा टीबी, नाहीतर क्रोन्स, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा, जंतूंचा संसर्ग नसलेला आजार. लहान आतडं मोठ्याला मिळतं तो उजवीकडचा कोपरा दोघांच्याही आवडीचा. ताप, उतरलेलं वजन, जेवल्यावर कळा, अरुंद झालेलं आतडं हे सगळं दोघांतही. परीक्षेला आम्ही घोकलेलं असतं, की टीबीचा व्रण आडवा आणि क्रोन्सचा उभा. क्रोन्स मधली निरोगी जागा सोडून पुढे उडी मारतो. जोडीला भगंदर असेल तर क्रोन्सकडे झुका. प्रत्यक्षात एकाच आतड्यात आडवे-उभे दोन्ही व्रण दिसतात, आणि घोकलेलं सगळं निरुपयोगी ठरतं.

मग तुकडे घ्यायचे. दुर्बिणीतून चिमटा आठ-दहा वेळा आत जातो आणि दर वेळी मोहरीएवढा तुकडा घेऊन येतो. काही फॉर्मलिनच्या डबीत, काही सलाइनच्या. कल्चरचा तुकडा चुकून फॉर्मलिनमध्ये पडला तर जंतू तिथेच मरतो, आणि पेशंटला पुन्हा उपाशी ठेवून, पोट साफ करायचं ते दोन लिटर पाणी पुन्हा पाजायची वेळ येते. मे महिन्यात नागपुरात हे पाणी पिऊन बारा वेळा संडासला जाणं काय असतं, ते पिणाऱ्यालाच विचारा. म्हणून आमच्या खोलीत सिस्टर लिलावातल्यासारखी प्रत्येक तुकडा पुकारते, ‘हा सलाइन! हा फॉर्मलिन!’ एवढं करूनही आतड्यातले टीबीचे जंतू इतके विरळ असतात, की कल्चर आणि सीबीनॅट (जंतूच्या जनुकांची चाचणी) दोन्ही कोरे आले तरी टीबी नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

हा घोळ फक्त आपल्याकडचा, असंही नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी 1932 साली चौदा रुग्णांवरचा तो गाजलेला लेख लिहिला, तेव्हा कापून काढलेल्या आतड्यांत त्यांनीही आधी टीबीच शोधला होता. तो सापडला नाही म्हणून तर नवा आजार ठरला. तिथली पडद्यामागची गोष्ट अशी, की शस्त्रक्रिया केल्या होत्या ए. ए. बर्ग यांनी; पण लिखाणात आपला हात नाही म्हणून त्यांनी लेखावर नाव घालू दिलं नाही. नावं आद्याक्षरांच्या क्रमाने लागली आणि क्रोन पहिले आले. बर्ग एवढे भिडस्त नसते, तर आज आमच्या फायलींवर ‘बर्ग्ज डिसीज’ लिहिलेलं असतं.

आता निर्णय. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी पेटतो, आतडं फुटूही शकतं. क्रोन्सला टीबी समजून टीबीच्या गोळ्या दिल्या तर जीवाला लगेच धोका नाही, पण तेवढे महिने मूळ आजार आत आतडं आवळत राहतो आणि पुढे सर्जनची वेळ येते. दोन्हींत नुकसान आहे. आम्ही बहुधा दुसरं पत्करतो. टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघायचं, व्रण भरले की नाही. व्रण तसेच असतील, तर क्रोन्सचा विचार. परदेशातल्या परिषदेत हे सांगितलं की तिकडचे लोक अचंब्याने बघतात. त्यांचा वाद कोणतं बायोलॉजिक इंजेक्शन आधी द्यावं याचा असतो. आमची गाडी त्याच्या दोन स्टेशनं अलीकडेच अडकलेली.

खरी गंमत त्या तीन महिन्यांनंतर असते. क्रोन्सच्या कित्येक पेशंटांना टीबीच्या गोळ्यांनीही थोडं बरं वाटतं. ताप जातो, भूक लागते. मग दुसऱ्यांदा दुर्बीण म्हटली की घरचे उसळतात, ‘बरं वाटून रायलं ना जी त्याले, मंग काहून?’ बरं वाटणं आणि व्रण भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावण्यात माझी ओपीडी जेवढी लांबते तेवढी दुसऱ्या कशाने लांबत नाही.

शिवाय सरकारी बाजू. टीबीचा रुग्ण कळवणं खासगी डॉक्टरलाही 2012 पासून बंधनकारक आहे. गोळ्या सुरू झाल्या की नाव सरकारच्या निक्षय पोर्टलवर जातं आणि पोषण आहाराचे पैसे खात्यात येऊ लागतात. आधी महिन्याला 500 रुपये, नोव्हेंबर 2024 पासून 1000. भंडाऱ्याकडच्या एका पोराला मी सांगितलं, बाबा, तुला टीबी नाही, क्रोन्स आहे, औषध बदलतोय, हे आयुष्यभर सांभाळावं लागेल. तो बराच वेळ विचारात पडला. मला वाटलं, ‘आयुष्यभर’ हा शब्द लागला. त्याने विचारलं, ‘मॅडम, मंग ते पैसे वापस करा लागन का जी?’

क्रोन्स ठरला म्हणून टीबी पाठ सोडत नाही. इन्फ्लिक्सिमॅब नावाचं इंजेक्शन अमेरिकेत 1998 मध्ये आलं आणि या आजाराचं चित्रच बदललं. सुरुवातीला शून्य, दोन आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचं. पण 2001 मध्ये हे इंजेक्शन घेतल्यावर टीबी उफाळलेल्या सत्तर रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. शरीराने वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेल्या जंतूचं कुलूप हे औषध उघडतं. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, रक्ताची तपासणी, आणि सगळ्यांत बेभरवशाचा प्रश्न, घरात कुणाला टीबी होता का? उत्तर ठरलेलं, ‘नाही.’ एकदा सगळं घर ‘नाही’ म्हणत असताना मागे उभी असलेली आजी म्हणाली, ‘तुये बाबाजी काहून गेले मंग?’ खोलीत अशी काही शांतता पसरली की इंजेक्शन त्या दिवशी फ्रिजमध्येच राहिलं.

क्रोन्सचं दुसरं भावंड अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. हे पेशंट आमच्याकडे येतात ते मूळव्याधीची सगळी औषधं, चूर्णं आणि एखादं ऑपरेशनही आटोपून. इथे विदर्भात रक्त कमी असलं की संशय आधी सिकलसेलवर जातो, तोही वेळ खातो. आजार किती तीव्र हे ठरवायला आम्ही अजून ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांचे 1955 चे निकष वापरतो. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि सोबत नाडी, ताप, हिमोग्लोबिन यांतलं काही बिघडलेलं असेल तर पेशंट थेट भरती. गडचिरोलीची एक बाई म्हणाली, ‘आज दोनदाच गेली.’ नाडी मात्र एकशे दहावर. सिस्टरने सहज विचारलं, काल जेवली काय गं? तर काल दुपारपासून पाण्याचा घोटही नाही. एसटी मधे थांबत नाही, म्हणून आमच्याकडे यायचं तर आदल्या दिवसापासून उपास. ऑक्सफर्डच्या निकषांत एसटीचा रकाना नाही. तेव्हापासून आम्ही आजचं नाही, परवाचं विचारतो.

स्टेरॉइडचं तर बोलायलाच नको. पहिल्या आठवड्यात रक्त थांबतं, भूक वाढते, गाल भरतात, सासू खूश. मग तीच चिठ्ठी घेऊन गावच्या मेडिकलमधून वर्षभर गोळ्या सुरू. गोल चेहऱ्याला ‘तब्येत सुधारली’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हाडं ठिसूळ होतात हे सांगणारा डॉक्टर नेहमी खलनायक ठरतो.

मुलीचं लग्न ठरत असेल तर फायलीवर ‘गॅस्ट्रिक’ लिहा अशी विनंती हमखास येते. मी लिहीत नाही. धीर द्यायला शिंझो आबेंची गोष्ट सांगते. शाळकरी वयापासून कोलायटिस, तरी जपानचे पंतप्रधान. 2007 ला तब्येतीने पायउतार झाले, नवं औषध लागू पडलं, 2012 ला परत आले आणि त्या देशात कुणी टिकला नव्हता इतका काळ टिकले. एका चुणचुणीत पोरीने मोबाइल काढला आणि म्हणाली, ‘पण मॅडम, 2020 ला पुन्हा राजीनामा दिला ना त्यांनी, याच्याचमुळे.’ हल्ली ही गोष्ट मी जपून सांगते.

गेल्या काही वर्षांत टोफासिटिनिबच्या गोळीने मात्र हायसं वाटलं. देशी कंपन्यांनी बनवल्यामुळे ती इंजेक्शनांपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि लागू पडली तर काही दिवसांतच फरक दिसतो. फक्त तिच्यावर नागीण निघू शकते, हे आम्ही प्रत्येकाला बजावतो. वरोऱ्याकडच्या एकाचा रात्री फोन आला, ‘मॅडम, नागीण निघाली. गावात गेरू लावून घेतला. तुमची गोळी चालू ठेवू का?’ मी म्हटलं, गोळी थांबवा, फोटो पाठवा आणि उद्या सकाळी या.

‘उद्या नाई जमत मॅडम. उद्या गेरूचा तिसरा दिवस हाये.’