पटकथेची लेखणी : श्रीमती सई परांजपे

चित्रपट पाहून मंडळी घरीं परतलीं कीं नटनटींचीं नांवें मुलांच्या तोंडीं असतात; त्यांतलीं गाणीं दुसऱ्या दिवशीं माजघरांत ऐकूं येतात. पण ती कथा दृश्यांत बसविली कोणीं, पात्रांच्या मुखीं शब्द घातले कोणीं, हें विचारणारा विरळा. आमच्या भंडाऱ्याकडे, झाडीपट्टींत, रात्रभर चालणारीं नाटकें पाहत आम्ही लहानाचे मोठे झालों. तेथेंही टाळ्या नटालाच पडत.

आम्ही शिक्षक असतांना एका मुलीनें निबंधाच्या वहींत सासूसुनेचा संवाद लिहून आणला होता. भाषा अगदीं चुलीपाशींची, जिवंत. आम्हीं ‘हा निबंध नव्हे’ असा तांबडा शेरा मारून वही परत केली. पुन्हां तिनें तसें कांहीं लिहिलें नाहीं. तें शल्य मनांत आहे, म्हणूनच सईबाईंचें चरित्र वाचकांपुढें ठेवावेंसें वाटलें.

त्यांचा जन्म १९३८ सालचा. रँग्लर र. पु. परांजपे हे त्यांचे मातामह. मातोश्री शकुंतलाबाई केंब्रिजला गणित शिकलेल्या. १९३७ च्या ‘कुंकू’ बोलपटांत त्यांनीं भूमिका केली आणि संततिनियमनाच्या कार्यास वाहून घेतलें. वडील रशियन चित्रकार. तो विवाह टिकला नाहीं, व सईबाई आईच्या आणि आजोबांच्या छायेंत वाढल्या. आठव्या वर्षींच त्यांचें ‘मुलांचा मेवा’ हें पुस्तक छापून निघालें. घरानें पोरीचें लिहिणें पोरखेळ मानलें नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

पुणें आकाशवाणीवर निवेदिका, १९६३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या स्नातिका, मग दूरदर्शन, अशा पायऱ्या चढत त्या चित्रपटाकडे आल्या. त्यांनीं ‘स्पर्श’ काढला. अंधशाळेचा अंध मुख्याध्यापक आणि तेथें शिकवावयास आलेली एक विधवा, एवढीच कथा. एका प्रसंगीं ती सहज पुढें होऊन त्याला कॉफी देण्यास मदत करूं पाहते, आणि तो चिडतो. त्याला साहाय्य चालतें, दया चालत नाहीं. पुढें ठरलेला विवाह तो मोडूं पाहतो, त्याचें बीज या कॉफीच्या पेल्यांतच आहे. आपल्या शास्त्रकारांनीं नाटकाला दृश्यकाव्य म्हटलें तें याच कारणें : जें दिसतें तें बोलून दाखवावें लागत नाहीं. या पटकथेस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

‘चष्मेबद्दूर’ १९८१ चा. १९८३ चा ‘कथा’ श्री. ग. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून रचिलेला. मुंबईच्या चाळींतला राजाराम जोशी हा सालस कारकून आणि थापाड्या बाशू यांची ती जुनीच शर्यत. पण नळ, जिने, शेजारणींचीं बोलणीं इतकीं खरीं कीं चाळींत बिऱ्हाड केलेल्यांस स्वतःचा जिना आठवावा. २००६ साली सईबाईंस पद्मभूषण मिळालें. २०१६ साली त्यांचें ‘सय’ हें आत्मकथन प्रसिद्ध झालें.

वाचकहो, आपल्या घरांतही एखादी मुलगी वहीच्या मागच्या पानावर कांहींबाही लिहीत असेल, कदाचित् आपल्याच बोलण्याची नक्कल असेल ती. रागावूं नये. संध्याकाळीं सर्वांना बसवून तिच्याकडून तें मोठ्यानें वाचून घ्यावें. आम्हांला तेवढें सुचलें नाहीं.