मित्र क्लिनिक: हैदराबाद, पुणे, कल्याण

सरकारी दवाखान्यात तृतीयपंथी पेशंट अडतो तो डॉक्टरांच्या खोलीत नव्हे, केस पेपरच्या खिडकीवर. आधार कार्डावर एक नाव, समोर उभी व्यक्ती वेगळी. मागची रांग फिदीफिदी हसते. दाखल करायची वेळ आलीच, तर बायकांच्या वॉर्डात की पुरुषांच्या, याची चर्चा पेशंटच्या देखत चालते. मग बरेच जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणायच्या आणि हार्मोन म्हणून मनानेच घ्यायच्या. इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होऊ शकते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, हे सांगायला कुणी नसतं.

जानेवारी २०२१मध्ये हैदराबादला सुरू झालेल्या मित्र क्लिनिकने सुरुवात माणसांपासून केली. तिथले कर्मचारी बहुतेक तृतीयपंथी समाजातलेच, उपचार करणाऱ्या डॉ. प्राची राठोडही ट्रान्सजेंडर. हार्मोन उपचार, समुपदेशन, एचआयव्ही आणि गुप्तरोगांची तपासणी, सरकारी कागदपत्रांना मदत, सगळं एकाच जागी. यात एक हुशारी होती. नुसत्या एचआयव्ही तपासणीला बोलावलं तर माणूस टाळतो. हार्मोनसाठी मात्र आपणहून येतो, आणि आलाच आहे तर तपासणीही करून जातो. पुढे पुणे आणि कल्याणलाही अशीच क्लिनिकं निघाली.

पैसा मात्र अमेरिकेचा होता. यूएसएड या सरकारी मदतसंस्थेचा निधी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा प्रकल्प. जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प सरकारने परदेशी मदत रोखली आणि तिन्ही क्लिनिकना कुलूप लागलं. हैदराबादचं केंद्र नंतर टाटा ट्रस्टच्या मदतीने ‘सबरंग’ नावाने पुन्हा उघडलं. चांगलंच झालं. पण वॉशिंग्टनमधल्या एका सहीने कल्याणचा औषधोपचार थांबतो, ही आपल्यालाच लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

कारण कायद्याने हे काम सरकारचंच आहे. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल २०१४चा. २०१९च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याच्या १५व्या कलमात शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार, समुपदेशन यांची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. २०२२मध्ये आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण जाहीर झालं. त्यासाठी ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पुन्हा कागदच. मुंबईत जी. टी. रुग्णालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये ३० खाटांचा स्वतंत्र वॉर्ड उघडला. पाऊल मोलाचं, पण खाट लागते ती दाखल झाल्यावर. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला नांदेडहून मुंबईला कोण येणार? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ जणांची नोंद होती, आणि ते राज्यभर विखुरलेले आहेत.

पुणे आणि कल्याणच्या क्लिनिकांत हे काम शिकलेली माणसं अजून इथेच आहेत. राज्य सरकारने त्यांना जिल्हा रुग्णालयांत घ्यावं आणि त्यांच्या पगाराची तरतूद स्वतःच्या अंदाजपत्रकात करावी.