घुगऱ्या ते गुलाब नट

गिरणीच्या आवारातलं पॉश रेस्टॉरंट, हटके मेन्यू आणि समोर बसलेली खाणावळवाली आजी... 'मॉडर्न इंडियन' फूडची याहून कडक परीक्षा कोण घेणार?

अप्रेझल झालं की काय करायचं? सोप्पं आहे. ऑफिसची गँग गोळा करायची आणि लोअर परळ गाठायचं. तुम्हीही हेच करत असाल. यंदा मी मात्र गँगला टांग मारली आणि चक्क आजीला घेऊन गेले. वय वर्षं ब्याऐंशी, मुक्काम डोंबिवली, आवडता पदार्थ तव्यावरची गरम भाकरी. ठिकाण : कमला मिल्सच्या आवारातलं 'द बॉम्बे कँटीन'.

आजीच का? कारण एकेकाळी तिची लालबागला खाणावळ होती. आजोबा इथल्याच एका गिरणीत साचेखात्यात आणि आजी चाळीतल्या एका खोलीत रोज बारा जणांचा स्वयंपाक करायची. गावाकडून एकटे आलेले कामगार पाळीप्रमाणे येऊन जेवायचे, पगाराच्या दिवशी पैसे द्यायचे. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सगळंच थांबलं.

गेली पाच वर्षं मी याच भागात पार्ट्या करतेय. घरी मात्र 'परळला जेवले' एवढंच सांगायचं. कुठे, किती रुपयांत, हे सगळं गुलदस्त्यात! जिथे आजोबांचा पगार बंद झाला, तिथेच नात एका संध्याकाळी हजारो रुपये उडवते, हे आजीला सांगायचं कसं? शेवटी ठरवलं, सांगायचं नाही, दाखवायचंच.

मॉडर्न इंडियन म्हणजे काय रे भाऊ?

पदार्थाची चव आपली, पण रूप, तंत्र किंवा मांडणी नवी, असा हा ढोबळ फंडा. दिल्लीत २००९ मध्ये 'इंडियन अ‍ॅक्सेंट' सुरू झालं. पुढच्याच वर्षी गगन आनंद या कोलकात्याच्या शेफने बँकॉकमध्ये 'गगन' उघडलं. तोंडात टाकताच फुटणारा दह्याचा गोळा ही त्याची खासियत. दह्यातलं कॅल्शियम आणि समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट यांची गाठ पडली की बाहेर पातळ पापुद्रा धरतो, आत दही पातळच राहतं. २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं हे रेस्टॉरंट आशियातल्या टॉप ५० च्या यादीत पहिलं होतं. आणि २०२५ मध्ये दुबईच्या 'ट्रेसिंद स्टुडिओ'ने तीन मिशलिन स्टार मिळवले. भारतीय पदार्थांच्या रेस्टॉरंटला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

'बॉम्बे कँटीन'ची वाट जरा वेगळी. २०१५ मध्ये समीर सेठ आणि यश भानगे यांनी ते सुरू केलं, सोबत होते शेफ फ्लॉइड कार्डोझ. मुंबईत जन्मलेल्या या शेफने न्यूयॉर्कमध्ये 'तबला' गाजवलं होतं. २०२० च्या मार्चमध्ये कोविडने ते गेले. धूर-फेसाच्या जादूपेक्षा इथे भर देशभरातल्या स्थानिक, थोड्या मागे पडलेल्या जिन्नसांवर.

आजीचं टेस्टिंग

पहिलं आलं 'एग्ज केजरीवाल'. टोस्टवर चीज, त्यावर अंडं आणि हिरव्या मिरचीचा झणका. विलिंग्डन क्लबच्या एका मेंबरच्या नावावरून ही डिश ओळखली जाते. घरी अंडं चालत नसल्याने तो क्लबात येऊन हे मागवायचा, असं सांगतात. आजीने घास घेतला. "रात्रपाळीवाल्यांना मी हेच द्यायची. फक्त हे चिकट नव्हतं." चिकट म्हणजे चीज!

मग बार्ली-ज्वारीचं सॅलड. आजीने चष्मा वर केला, एक दाणा बोटांत धरून दाबून पाहिला. "अगं, या तर घुगऱ्या! आमच्याकडे लहानपणी करायचे. दाणा बरोबर शिजलाय हां, लगदा नाही केला." शेजारच्या टेबलावर कुणीतरी याच सॅलडचा फोटो काढत होतं. माझ्या डोक्यात मात्र ट्यूब पेटली. ज्याला मी इतकी वर्षं 'काय भन्नाट आयडिया आहे' म्हणत होते, ती आयडिया आजीच्या गावची होती. आम्हालाच कुणी सांगितली नव्हती. खरं तर आम्ही विचारलीच नव्हती.

शेवटी 'गुलाब नट'. डोनटच्या आकाराचा गुलाबजाम, सोबत पिस्ता आणि... ओल्ड मंक रम! माझा चेहरा पडला. आजी शांतपणे म्हणाली, "तुझ्या आजोबांनी अशी गुलाबजामात घालून आणली असती, तर मी भांडले नसते." आणि अर्धा तिनेच संपवला.

बिल आलं हो!

फोल्डर उघडण्याआधीच आजीने विचारलं, "किती?" मी निम्माच आकडा सांगितला. तरी ती थबकली. "एवढ्यात माझ्या बारा जणांचं महिनाभर भागायचं."

आता ती चिडणार, असं वाटलं. पण ती संपाबद्दल बोलू लागली. पगार थांबले तरी बाराही जण जेवायला येत होते. वाण्याची उधारी चढत गेली. एकेक जण गावी गेला, काही परत आलेच नाहीत. वहीतले आकडे वहीतच राहिले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशाच खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजीपर्यंत ते पोचलं नव्हतं.

"मग राग नाही आला, इथे एवढे पैसे दिले म्हणून?" मी विचारलं.

"राग कसला? आयुष्यभर मी वाढलं आणि शेवटी उरलंसुरलं खाल्लं. आज मला कुणीतरी आधी वाढलं. तेवढ्याचे पैसे दे की!"

सोमवारी माझ्या डब्यात घुगऱ्या होत्या. ऑफिसात सगळे तुटून पडले. 'कुठलं सॅलड गं?' मी म्हटलं, लालबागचं!

जाताय? मग हे वाचा

* मेन्यू सीझनप्रमाणे बदलतो. एखाद्या ठरावीक डिशसाठी जाणार असाल तर आधी फोन करा.
* वीकेंडला टेबल बुक केल्याशिवाय जाऊ नका.
* मेन्यूतलं कळलं नाही तर बिनधास्त विचारा. मद्य किंवा अंडं चालत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा.
* सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. याबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या आहेत.
* शक्य असेल तर आजीला न्या. बिलाचा आकडा मात्र स्वतःच्या जबाबदारीवर सांगा!