हात थरथरतो, दोष कोणाचा?

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा लौकर सुटली. पुढे जे शिकलो ते कामगारांच्या दारात आणि वाचनालयाच्या बाकावर. तरी नांदगाव खंडेश्वरच्या या व्यासपीठावरून एका रोगाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण त्याची खूण हातावर दिसते, आणि हात हेच कामगाराचे भांडवल.

आमच्या ओळखीच्या एका वेल्डरच्या हातातला चहा हिंदकळू लागला. मुकादम म्हणाला, "पिऊन आला काय बे?" काम गेले. तो दारूला शिवतही नव्हता. त्याला काय झाले होते, हे कोणी तपासलेच नाही.

हात कापण्याची कारणे अनेक : कंपवात, थायरॉइडचा विकार, घराण्यात चालत आलेला कंप. परंतु एक कारण धंद्यातले आहे, ते म्हणजे मँगेनीज. आपल्या विदर्भात नागपूर व भंडारा जिल्ह्यांत त्याच्या खाणी आहेत. वेल्डिंगच्या धुरातही तो असतो. अन्नातून आलेले जादा मँगेनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून गेलेली धूळ मात्र यकृताला चुकवून रक्तात मिसळते आणि मेंदूच्या खोल भागात, हालचालींना लगाम घालणाऱ्या केंद्रांत साठते. मग स्वभाव चिडका होतो, हात कापतो, बोलणे पुटपुटते, चाल कोंबड्यासारखी चवड्यांवर येते.

1837 साली ग्लासगोच्या कूपर यांनी मँगेनीज दळणाऱ्या कामगारांत हे प्रथम नोंदवले. पुढे डॉ. कोत्झियास यांनी चिलीतील खाणकामगार तपासले. 1967 साली कंपवातावर लेव्होडोपाचा गुण त्यांनीच दाखवला. दुर्दैव असे की, मँगेनीजच्या विषबाधेवर ते औषध फारसे चालत नाही. म्हणून खरा उपाय आधीचाच : ओले ड्रिलिंग, धूर ओढणारे पंखे, योग्य मुखवटा, आणि लक्षण दिसताच त्या कामावरून बदली.

1948 च्या कारखाना कायद्याने हा रोग सरकारला कळवण्याजोगा ठरवला. 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीतही तो आला. 2020 साली संसदेने हे जुने कायदे नव्या संहितांत गोवले. परंतु नुसत्या यादीने भरपाई मिळत नाही. डॉक्टरने कारण लिहावे लागते, आणि कारण लिहायला त्याला धंदा ठाऊक असावा लागतो. रोग्याला धंदा विचारा, असे इटलीचे रामाझ्झिनी यांनी 1700 सालीच सांगून ठेवले आहे.

तेव्हा विनंती एवढीच : दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरने विचारो न विचारो, आपण काय काम करतो आणि किती वर्षे करतो, ते आधी सांगा. आणि कोणाचा हात थरथरताना दिसला, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याच्या कामाच्या जागेची हवा पाहा.