छर्ऱ्याच्या बंदुकीतील ऊर्जेचा हिशेब

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो की आटपाडी तालुक्यातील खरसुंडीची, सातारा-सांगलीकडच्या जत्रांत फुगे फोडायच्या बंदुका हमखास दिसतात. आपल्या वर्गातील बऱ्याच मुलांनी त्या हाताळलेल्या असतात. ‘स्प्रिंग आणखी कडक बसवली तर बंदूक चांगली होईल का?’ असे एखादा विचारतो. या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर देऊन थांबू नये. कार्य, ऊर्जा आणि संवेग हे तिन्ही धडे त्यात दडलेले आहेत.

प्रथम रचना पाहू. नळी मोडून खाली ओढली की स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढताच दट्ट्या सुटतो, पुढची हवा दाबतो आणि ती हवा छर्ऱ्याला ढकलते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा जोरात दाबला तर पंप गरम होतो. येथेही तेच घडते, पण क्षणार्धात. उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. हवेचे तापमान काही शे अंशांनी वाढते.

आता हिशेब करू. समजा, स्प्रिंग सरासरी ४०० न्यूटन बलाने ७.५ सेंमी दाबली. कार्य झाले ३० ज्यूल. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर त्याची गतिज ऊर्जा १० ज्यूल. प्रत्यक्षातही छर्ऱ्याला साधारण एक तृतीयांशच वाटा मिळतो. उरलेली ऊर्जा घर्षण, तापलेली हवा, गळती, स्प्रिंगची झणझण आणि हिसका यांत जाते.

स्प्रिंगमधील ऊर्जा दुप्पट केली आणि वाटा तोच राहिला, तरी वेग फक्त १.४ पट, म्हणजे सुमारे २८३ मीटर होईल. हिसका मात्र वाढेल. पाव किलोचा दट्ट्या तीन किलोच्या बंदुकीत ७५ मिमी पुढे सरकतो, तेव्हा मोकळी बंदूक सुमारे ६ मिमी मागे जाते. दट्ट्या थांबताच तिला पुढे झटका बसतो. हे सारे छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या सुमारासच घडते. मग नेम कसा टिकणार?

म्हणून जाणकार कारागीर जोर वाढवण्यापेक्षा नासाडी कमी करतो. स्प्रिंगच्या आतली दांडी तो नीट घट्ट बसणारी करतो, म्हणजे स्प्रिंग थरथरत नाही. स्प्रिंगची टोके सपाट व गुळगुळीत करतो. दट्ट्याचा झिजलेला वॉशर बदलतो. जुन्या बंदुकांत तो पंपातल्यासारखाच चामड्याचा असे. स्प्रिंगला जाड ग्रीस अगदी थोडे लावतो. दट्ट्यापुढे तेल गेले तर तापलेल्या हवेत ते डिझेल इंजिनातल्यासारखे पेट घेते. छर्ऱ्याशिवाय चाप ओढू नये, यालाही कारण आहे. छर्रा नसला की हवा सहज निसटते, तिची गादी उरत नाही आणि दट्ट्या थेट धातूवर आदळतो.

नेमाला मोठी ताकद लागत नाही, याचा पुरावा १० मीटर रायफल स्पर्धेत मिळतो. तेथे लक्ष्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिमी व्यासाचा, आणि छर्ऱ्याची ऊर्जा साधारण ७ ते ८ ज्यूल. आज या स्पर्धांत आधीच दाबून भरलेल्या हवेच्या बंदुका वापरतात, कारण त्यांत जड दट्ट्याचा हिसका नसतो.

हे सारे फळ्यावर मांडावे. बंदूक मात्र वर्गात आणू नये आणि मुलांना ती उघडू देऊ नये. सुटी करताना उसळलेली स्प्रिंग हात मोडू शकते. छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो, त्याला १० ज्यूलही फार झाले. शिवाय शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ४.५ मिमीहून मोठ्या नळीच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. आपल्या हिशेबातील दुप्पट ऊर्जेच्या स्प्रिंगने छर्ऱ्याची ऊर्जा किती झाली, हे मुलांनाच काढायला सांगावे. उत्तर नेमके या मर्यादेवर येऊन थांबते.