हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल

कोकम (रातांबा, भिरंड, लॅ. गार्सिनिया इंडिका) व त्याच्याच प्रजातीतील काही फळांच्या सालीत आढळणारे कार्बनी अम्ल. लिंबातील सायट्रिक अम्लाशी याच्या रेणूचे निकटचे साम्य आहे. रेणूची रचना, एंझाइमाची निवडक क्रिया, तिचा निरोध आणि चयापचयाचे मार्ग या जीवरसायनशास्त्रातील मूलभूत संकल्पना या एका पदार्थाच्या आधारे स्पष्ट करता येतात. परीक्षानळीत दिसणारा परिणाम मानवी शरीरात तसाच दिसेल असे गृहीत धरणे का चुकीचे ठरते, हेही त्यावरून समजते.

आढळ : सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली, मालवण, कुडाळ इ. तालुक्यांत कोकमाची झाडे परसात, बागांत व ओढ्यांच्या काठी आढळतात. फळे मुख्यतः एप्रिल-मेमध्ये पिकतात. बिया व गर काढून टाकल्यावर उरलेल्या सालींना फळाच्या रसाची पुटे देऊन त्या उन्हात वाळविल्या म्हणजे आमसुले (सोले) तयार होतात. मीठ घालून टिकविलेल्या रसाला आगळ म्हणतात. वाळलेल्या सालीत या अम्लाचे प्रमाण १०% च्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. केरळात मासळीच्या कालवणात वापरतात त्या कुडमपुळी (गार्सिनिया कंबोजिया) या फळातही ते विपुल असते. या आंबट फळातील अम्ल टार्टारिक किंवा सायट्रिक असावे, असा पूर्वी समज होता. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रशास्त्र संशोधन संस्थेतील वाय्. एस्. लूइस व एस्. नीलकांतन यांनी १९६५ मध्ये ते हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल असल्याचे दाखवून दिले.

रचना व गुणधर्म : सायट्रिक अम्लाच्या रेणूत कार्बनाचे ६, हायड्रोजनाचे ८ व ऑक्सिजनाचे ७ अणू असतात. त्याच्या एका कार्बन अणूवर आणखी एक हायड्रॉक्सिल गट आला की हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल होते, म्हणजे ऑक्सिजनाचा एकच अणू वाढतो. दोहोंत प्रत्येकी तीन कार्बॉक्सिल गट असून हे गट प्रोटॉन देऊ शकतात, म्हणून हे पदार्थ अम्लधर्मी आहेत. मासळीच्या वासाला मुख्यतः ट्रायमिथिल अमाइन हे बाष्पनशील क्षारक कारणीभूत असते. बांगड्याच्या तिखल्यात आमसूल टाकले असता त्यातील अम्लाच्या प्रोटॉनामुळे या क्षारकाचे अबाष्पनशील लवण बनते व वास कमी होतो.

वाढलेल्या हायड्रॉक्सिल गटामुळे या रेणूचे चार त्रिमितीय समघटक संभवतात. त्यांतील अणू व बंध सारखेच असतात. अवकाशातील मांडणी मात्र वेगळी असते. कोकमात त्यांपैकी एक आढळतो, तर लाल अंबाडीत दुसरा. जीवरासायनिक दृष्ट्या हा फरक मोठा आहे. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नीट बसत नाही, त्याप्रमाणे एका समघटकाला सामावून घेणारे एंझाइम दुसऱ्याला तितक्या सहजपणे सामावून घेत नाही. पुढे वर्णिलेली निरोधक क्रिया प्रभावीपणे घडवितो तो कोकमातील समघटकच होय.

एंझाइमाचा निरोध : भातातील स्टार्च पचून ग्लुकोज बनते. कोशिकेत त्याचे विघटन होऊन शेवटी ॲसिटिल को-एंझाइम-ए हा दोन कार्बनांचा गट वाहणारा पदार्थ तयार होतो. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या सायट्रिक अम्ल चक्रात हा गट ऑक्झॅलोॲसिटिक अम्लाशी जोडला जाऊन सायट्रिक अम्ल बनते. हे चक्र कलकणू या सूक्ष्म कोशिकांगकांत चालते व त्यातून ऊर्जा मिळते. ऊर्जेची गरज भागल्यावर उरलेले सायट्रेट कलकणूंबाहेर येते. तेथे सायट्रेट लायेज हे एंझाइम ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेटाची (एटीपीची) ऊर्जा वापरून त्याचे पुन्हा दोन भाग करते. अशा रीतीने मिळालेल्या ॲसिटिल को-एंझाइम-ए पासून वसाम्ले व कोलेस्टेरॉल यांची निर्मिती होते.

प्रत्येक एंझाइमाच्या पृष्ठभागावर एक खाचेसारखा क्रियाशील भाग असतो व त्यात विशिष्ट रेणूच बसतो. हायड्रॉक्सिसायट्रेट हे सायट्रेटासारखे दिसत असल्यामुळे या खाचेत शिरते व सायट्रेटाची जागा अडविते. यास स्पर्धात्मक निरोध म्हणतात. निरोधाची तीव्रता दोन्ही पदार्थांच्या परस्परसापेक्ष प्रमाणावर अवलंबून असते; सायट्रेट पुरेसे वाढविल्यास निरोध मावळतो. हा परिणाम जे. एम्. लोएनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत १९६९ मध्ये दाखविला. पुढे उंदरांच्या यकृतात वसाम्लांची निर्मिती या अम्लामुळे घटते, असेही त्यांना आढळले.

मानवातील परिणाम : वसानिर्मिती थांबली की वजन उतरेल, या तर्कावर गार्सिनियाच्या अर्काच्या गोळ्या जगभर विकल्या जाऊ लागल्या. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १३५ स्थूल व्यक्तींपैकी काहींना १२ आठवडे रोज १,५०० मिग्रॅ. हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल व इतरांना दिसण्यात तशीच पण निष्क्रिय गोळी देण्यात आली. दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही.

याची कारणे चयापचयातच आहेत. नेहमीचा मिश्र आहार घेणाऱ्या माणसात कार्बोहायड्रेटांपासून नव्याने बनणाऱ्या वसाम्लांचे प्रमाण थोडे असते. साठणारी बहुतेक वसा आहारातील वसेतूनच येते. त्यामुळे हा मार्ग अडविल्याने होणारा लाभही थोडाच असतो. शिवाय आतड्यातून शोषण, यकृतापर्यंतचा प्रवास व कोशिकापटल ओलांडणे या पायऱ्या पार करून पुरेशी मात्रा एंझाइमापर्यंत पोहोचावी लागते. परीक्षानळीत या पायऱ्या नसतात.

एंझाइमाची निवड चुकली होती, असा मात्र याचा अर्थ नव्हे. याच एंझाइमाचा निरोध करणारे बेंपेडॉइक अम्ल हे औषध रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाले. ते यकृतात गेल्यावरच सक्रिय होते. वजनाबाबत निष्फळ ठरलेला मार्ग कोलेस्टेरॉलाबाबत उपयुक्त ठरला, कारण यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती त्याच ॲसिटिल को-एंझाइम-ए वर अवलंबून असते.

वैद्यकीय महत्त्व : गार्सिनियायुक्त गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींना तीव्र यकृतशोथ झाल्याच्या नोंदी आहेत, क्वचित यकृतारोपणही करावे लागले आहे. या नोंदी सांद्रित अर्कांविषयीच्या आहेत. सोलकढी, आमसुलाचे सार किंवा कालवण यांविषयीच्या नाहीत. एखादा पदार्थ स्वयंपाकात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, एवढ्यावरून त्याचा अर्क मोठ्या मात्रेत निर्धोक ठरत नाही. अशा गोळ्यांना पुष्कळ लोक औषध समजत नाहीत व विचारल्याशिवाय त्यांचा उल्लेख करीत नाहीत. म्हणून काविळीचे कारण शोधताना रुग्णास त्यांविषयी स्पष्टपणे विचारणे आवश्यक असते.